धाकटीची आई

१

धाकटीची आई गेल्याची बातमी गटावर सकाळी आली आणि दुपारच्या आत ताईने दवाखान्यात न्यायची पिशवी रिकामी करून टाकली. शाल कपाटात गेली, टॉवेल दोरीवर गेला, चष्म्याची डबी पुन्हा खिडकीत जाऊन बसली. मुलाने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मी येणार नाही,” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ताईच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. डायलिसिसला पर्याय नाही हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. सुया टोचण्यासाठी डाव्या हाताची शीरही छोटंसं ऑपरेशन करून तयार ठेवली होती. तिने हो म्हणावं म्हणून घरादाराने तिच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. शेवटी ती तयार झाली ती घरच्यांमुळे नाही, तर एका ऑनलाइन गटामुळे. किडनीचे रुग्ण आणि त्यांचे घरचे तिथे एकमेकांशी बोलत. खरं नाव कोणी लावत नसे. ताई स्वतः काही लिहायची नाही, नुसती वाचायची, आणि त्यातही ‘धाकटी’ या नावाने लिहिणाऱ्या मुलीचं सगळ्यात आधी वाचायची. धाकटीची आई ताईच्याच वयाची, तिचं डायलिसिस बऱ्याच महिन्यांपासून चालू असलेलं. ती तग धरते आहे तर आपणही धरू, असं ताईने मनाशी ठरवलं होतं. आता ती बाईच राहिली नव्हती.

ताईच्या मुलाचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. आठवडाभर आईला विनवून झालं, तेव्हा समोर उघडून ठेवलेली मशीन तशीच टाकून तो मावशीकडे गेला.

मावशी म्हणजे ताईच्या पाठची बहीण. विमा कंपनीत ती मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करायची. गेलेला माणूस खरंच गेला का, हे बघण्यात तिची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तिने ठरवून टाकलं होतं की आता जो जे सांगेल ते खरं धरायचं. वीजवाला म्हणाला वायर जळली, तर जळली. शेजारीण म्हणाली डोकं दुखतंय, तर दुखतंय. असं जगायला फार सोपं जातं, असं ती म्हणायची.

भाच्याने फोन तिच्या हातात दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबणं धोक्याचं आहे. ताईच्या पायांना सूज होती, जेवण जात नव्हतं, आणि ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

“मावशी, ही पोरगी खोटी आहे. असले लोक असतात, सहानुभूती मिळवायला कोणालाही मारतात. तू एवढं सिद्ध करून दे, मग आईला मी समजावतो.”

“आणि खरी निघाली तर?”

मावशीने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

२

धाकटी लिहायची छान. आरडाओरडा नाही, देवाला हाका नाहीत. मावशीने आयुष्यात पुष्कळ खोटे शोक वाचले होते. ते बहुधा फार ओले असतात. हे कोरडं होतं.

‘आज आईला आत गार वाजत होतं. रक्त परत येताना दंडातून थंडी चढते आणि खांद्याशी येऊन थांबते.’

‘पाणी मोजून प्यायचं म्हणून आई बर्फाचा खडा गालात धरते. आधी दात शिवशिवतात, मग कुठे घोटभर पाणी होतं. ते लगेच गिळायचं नाही, तोंडात फिरवायचं.’

‘समोरच्या पलंगावर एक आजोबा असतात. त्यांची पावलं दर खेपेला दिसतात. चेहरा अजून पाहिलेला नाही.’

खाली उत्तरांची रांग असायची. आईला आमचा नमस्कार सांग, आईला म्हणावं धीर धर, आई आज जेवली का. धाकटी प्रत्येकाला उत्तर द्यायची : सांगितलं, म्हटलं, जेवली.

फोटो एकच होता. त्यात अगदी जवळ कोपर, त्याच्यापुढे टेपने चिकटवलेल्या दोन सुया आणि लाल नळ्या, त्याच्यापुढे सैल पडलेली बोटं. मागे निळं पांघरूण आणि त्याखाली पावलांचा उंचवटा. खाली लिहिलेलं : ‘आईचा हात.’

हा फोटो दुसरीकडून उचललेला असणार, या खात्रीने भाच्याने तो इंटरनेटवर सगळीकडे शोधून पाहिला होता. कुठेच सापडला नव्हता. त्याचं त्याला वाईटच वाटत होतं.

शेवटचा मजकूर मावशीने दोनदा वाचला. ‘आई आज पहाटे गेली. ती फार दमली होती. तिला कोणी दोष देऊ नका. तुम्ही सगळ्यांनी तिची विचारपूस केलीत, ती तिच्यापर्यंत पोचत होती. एकूण एक पोचत होती.’ त्यानंतर धाकटी गटावर फिरकली नव्हती.

खाली दोनशेच्या वर लोकांनी शोक केला होता. आणि त्या शोकाच्या मधोमध, बातमी आल्यावर तासाभरात, एकाने लिहिलं होतं : ‘मी कधीचा सांगतोय, मशीनच्या नादी लागू नका. माझं चूर्ण वेळेत सुरू केलं असतं तर त्या आज हयात असत्या.’

भाच्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. “हाच. दुसरं कोणी असूच शकत नाही.”

३

चूर्णवाल्याचं दुकान कपडे धुण्याच्या दुकानामागे, एका बोळवजा खोलीत होतं. फळीवर एकाच आकाराच्या बरण्या आणि टेबलावर, कोणी बघणार नाही अशा बेताने, डॉक्टरकडून आणलेलं खोकल्याचं औषध. मावशीने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

तिने सरळच विचारलं. तो चिडला नाही, उलट हसला. धाकटीने त्याला गटावर सगळ्यांदेखत विचारलं होतं की चूर्णात नेमकं काय आहे ते सांगा. तो टाळाटाळ करत राहिला, ती विचारत राहिली, आणि तेव्हापासून गटावरचं त्याचं गिऱ्हाईक तुटलं.

“ती पोरगी मीच असतो, तर मीच माझ्या पोटावर पाय दिला असता का?” तो म्हणाला.

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, हा पोचलेला माणूस आहे, काहीही बोलेल. मावशीला ते मान्य होतं. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. ज्याला मशीन बदनाम करायचं आहे तो मशीनने माणूस मेला असं लिहील. धाकटीने मशीनला दूषणच दिलं नव्हतं. उलट, आई दमली होती एवढंच लिहिलं होतं. चूर्णवाला आयत्या चुलीवर भाजून घेणारा होता. चूल त्याने पेटवलेली नव्हती.

तिथून ते गट चालवणाऱ्या काकांकडे गेले. काकांचं पूर्वी औषधाचं दुकान होतं. भाच्याला त्यांचाही संशय होता. धाकटीमुळे गट वाढला, हे तर दिसतच होतं. काका बोलायला लागले आणि त्यांचा स्वर ऐकूनच मावशीने तो संशय मनातल्या मनात बाजूला ठेवला. ते दोन दिवसांत गट बंद करायच्या विचारात होते. काही लोक धाकटीला लबाड म्हणत होते, काही त्या लोकांना निर्दय म्हणत होते, आणि दोन्हीकडचे फोन काकांनाच येत होते. मावशीने खरं-खोटं ठरवून दिलं तर उपकार होतील, असं ते म्हणाले.

काकू खुर्चीत बसून होत्या. विणकामाची पिशवी पायाशी, हात रिकामे. धाकटीच्या आईला डायलिसिसला पाय गार पडतात म्हणून त्यांनी मोजे विणून पाठवले होते. राईच्या रंगाचे, टाचा मात्र हिरव्या, कारण लोकर संपली. घरी कोणी नसतं म्हणून धाकटीने मोजे डायलिसिसच्या ठिकाणीच मागवले होते, काउंटरवर सांगून ठेवते म्हणाली होती. तो पत्ता काकूंकडे होता.

“मी तिला एकदाही पाहिलं नाही,” काकू म्हणाल्या, “पण माझ्या बहिणीला रडले नव्हते तेवढी तिच्या आईला रडले. मी तिला लिहिलंसुद्धा होतं की आता मी येतेच भेटायला. आई झोपलेली असली तरी दार उघडायला तू असशीलच.”

“हे केव्हा लिहिलंत?”

काकूंनी आठवून सांगितलं. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी.

जिना उतरताना भाच्याचा चेहरा उजळला होता. “भेटायला येते म्हटल्यावर लगेच आई मेली. म्हणजे खोटंच.”

“काहीतरी खोटं आहे,” मावशी म्हणाली. “नेमकं काय, ते मला अजून कळलेलं नाही.”

४

धाकटीला सगळ्यात आधी लबाड म्हणणारा माणूस गटावर ‘परखड’ नावाने लिहायचा. तो एका कारखान्यात वजनकाट्यावर होता आणि भेटायला कॅन्टीनमध्ये आला. टेबल पुसून घेतल्याशिवाय त्याने कोपर टेकलं नाही.

त्याची बायको वर्षभरापूर्वी गेली होती. ती गेली तेव्हा त्याने गटावर लिहिलं होतं आणि तुरळक उत्तरं आली होती. धाकटीच्या आईला दोनशे. हे त्याने आपणहून सांगितलं, म्हणजे मावशीला विचारायची गरज उरली नाही. हेव्यापोटी आरोप करतो असं लोक म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे, असंही तो म्हणाला.

“पण मी उगाच नाही म्हणत. बाई, मी तिला आठवड्यातून तीनदा घेऊन जायचो. आत घरच्यांना सोडत नाहीत. बाहेर बाक असतो. लाकडी, अरुंद, मागे टेकायला गेलं की भिंतीवरची सूचनांची पाटी पाठीत रुतते. चार चार तास. रजा संपतात, साहेब बोलतो, फोनची बॅटरी जाते, आणि आत काय चाललंय ते कळत नाही. मी जे काही लिहिलं ते सगळं त्या बाकावरून लिहिलं. गटावरचे बाकीचे घरचे काय लिहितात बघा. गाडी मिळाली नाही, रजा मिळाली नाही, कंबर धरली. या पोरीने इतके महिने लिहिलं आणि बाकाचं नाव नाही.”

मावशीने विचारलं, काही ठिकाणी घरच्यांना आत सोडत असतील. त्याने मान हलवली. काकूंनी दिलेला पत्ता त्याच्या माहितीचा होता. बायकोला सुरुवातीला तिथेच नेत असत. तिथे तर दारातूनही बघू देत नाहीत.

“मग ती कोण असेल, तुमच्या मते?”

“ते तुम्ही शोधा. मी एवढंच सांगतो, ती पोरगी त्या बाकावर कधीही बसलेली नाही.”

तो उठला, पुन्हा बसला, आणि खाली बघत म्हणाला की आतलं मात्र ती अगदी बरोबर लिहिते. दंडातून चढणाऱ्या थंडीचं त्याची बायकोही असंच सांगायची.

५

संध्याकाळी मावशी ताईकडे गेली. ताईचा चेहरा सुजला होता आणि उशीला उशी लावून ती बसूनच होती, कारण आडवं झालं की धाप लागत होती. मावशी दिवसभर कुठे हिंडत होती हे मुलाने तिला सांगितलेलं होतं.

“कशाला उन्हातान्हाची फिरतेस,” ताई म्हणाली. “ती खोटी निघाली म्हणून माझ्या किडन्या चालणार आहेत का?”

“तू डायलिसिस कर, चालायचं काम मशीन करेल.”

“सगळे मला सांगतात, काही होत नाही. डॉक्टर म्हणतात काही होत नाही, हा म्हणतो काही होत नाही, सूनबाई म्हणते काही होत नाही. ती एकटी काय होतं ते लिहायची. आणि तिचंच माणूस गेलं.”

ताईने डावा हात पुढे घेतला. ऑपरेशन केलेल्या शिरेला हात लावला की ती आतून घरघरल्यासारखी लागायची. ताईला तो चाळाच लागला होता. ती हाताकडे बघत म्हणाली, “बघ, कशी दिसते.”

मावशी समोरच्या खुर्चीत होती. तिला आधी ताईची बोटं दिसत होती, मग मनगट, आणि कोपर सगळ्यात लांब. ती उठून बाजूला आली. आता हात आडवा दिसू लागला. मावशी तिथेच थांबली. मग तिने पिशवीतून फोन काढला, धाकटीने टाकलेला फोटो उघडला आणि ताईच्या मागे जाऊन तिच्या खांद्याला गाल जवळजवळ टेकवून उभी राहिली.

जवळ कोपर. पुढे शीर. त्याच्यापुढे बोटं. आणि सगळ्यांपलीकडे पांघरुणाखाली ताईची पावलं.

“काय चाललंय तुझं?” ताईने विचारलं.

मावशीने फोन बंद केला. हाताची मालकीण आणि फोटो काढणारी एकच होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी भाच्याला घेऊन त्या पत्त्यावर गेली. बाक परखडने सांगितला तसाच होता. लोक भिंतीला टेकून बसले होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भाचा कंटाळला होता. इथे येऊन काय करायचं, त्याने विचारलं. मेलेल्या बाईची चौकशी करायची तर काउंटरवर करू.

मावशीने त्याला हळू आवाजात सांगितलं. घरच्यांना आत सोडत नाहीत; धाकटी लिहिते ते सगळं आतलं. समोरच्या माणसाची पावलं दिसतात आणि चेहरा दिसत नाही, हे उभ्या माणसाचं बघणं नाही, पलंगावर पडलेल्याचं आहे. बर्फ विरघळताना दात शिवशिवतात, हे शेजारी बसून कळत नाही. बाकाबद्दल, रजेबद्दल, गाडीबद्दल एक अक्षर नाही, कारण तिने कोणाला आणलेलं नव्हतं. तीच आलेली होती. आणि फोटो.

“म्हणजे धाकटी स्वतःच पेशंट?”

“धाकटी नाहीच. आईच लिहीत होती. मुलगी रचलेली, दुखणं खरं.”

भाच्याने थोडा विचार केला. “पण मग आई गेल्याचं कोणी लिहिलं?”

“तेच तर. गेलेल्या माणसाने लिहिलं नसणार.”

आता तो ताठ बसला. मावशीच्या मनात मात्र एक शंका होती आणि ती तिने बोलून दाखवली नव्हती. ‘ती फार दमली होती.’ हे लिहिणारी बाई लिहून झाल्यावर खरंच यायची बंद झाली असेल, तर इथे बसून काही उपयोग नव्हता. डायलिसिस सोडलेलं माणूस फार दिवस राहत नाही. तसं असेल तर मजकूर खोटा नव्हता, नुसता थोडा आधी लिहिलेला होता.

माणसं येत राहिली. कोणी मुलाच्या हाताला धरून, कोणी चाकाच्या खुर्चीवरून. मावशी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. आत जाण्याआधी सगळ्यांना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि ती फक्त पायांकडे बघत होती.

बराच वेळ गेला. मग एक उंच, वाळलेली बाई एकटीच आत आली, दाराशी भिंतीचा आधार घेऊन थांबली, आणि वाकून चपला काढू लागली.

मोजे राईच्या रंगाचे होते. टाचा हिरव्या.

७

मावशीने तिला गाठलं आणि हळूच म्हणाली, “काकू तुमच्यासाठी फार रडल्या.”

बाई दचकली नाही. तिने आधी बसायला जागा मागितली. लोकांनी सरकून जागा दिली आणि ती त्या बाकावर, बहुधा पहिल्यांदाच, बसली.

ती कोर्टात टंकलेखिका होती. दुसऱ्यांचे जबाब टंकता टंकता नोकरी संपली. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. आईवडिलांच्या घरी ती सगळ्यांत धाकटी, ते नाव तेवढं खरं होतं. गटावर ती आधी स्वतःच लिहायची. आज आले, आज गेले, असं. त्यावर एका भल्या माणसाने उत्तर दिलं की तुम्ही आराम करा, घरच्या कोणाला तरी लिहायला सांगा. बाकी कोणी काही म्हटलं नाही. मग ती घरची झाली. आणि मुलगी होऊन आईचं लिहायला लागल्याबरोबर माणसं विचारायला लागली, आई जेवली का.

“मी खरंच जेवायचे,” बाई म्हणाली. “कोणी विचारणार आहे म्हटल्यावर जेवायचे. उत्तर खोटं द्यायला नको म्हणून.”

मग काकू भेटायला येते म्हणाल्या. मुलगी दाखवता येईना, म्हणून आई काढून टाकली. पण तेवढंच नव्हतं. ती दमलीही होती. लिहून झाल्यावर तिने खरंच यायचं सोडलं, घरी बसून राहिली. लोक काय लिहितात ते तिने शेवटपर्यंत वाचलं. मग पाय सुजले, छाती भरून आली, आणि एका पहाटे श्वासच मिळेना, तेव्हा तिने स्वतः गाडी बोलावली. “जायचं ठरवलं होतं, पण जीव ऐकेना,” ती म्हणाली. ते सांगताना तिला थोडी लाज वाटल्यासारखी दिसली.

आता भाच्याचा तोल गेला. त्याने तिला सांगितलं की तुमच्या चार ओळी वाचून माझी आई घरी मरायला बसली आहे. आवाज चढवला नाही, पण एकही शब्द गाळला नाही. बाई ऐकत होती. तिला ताईची काहीच कल्पना नव्हती. नुसतं वाचणारंही कोणी असतं, हे तिच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

“त्यांना काय सांगू?” तिने विचारलं.

मावशीने ताईला फोन लावला. धाकटीची आई जिवंत आहे, इथे माझ्या शेजारी बसली आहे, मुलगी नाही, आणि बाकीचं सगळं मी घरी येऊन सांगते, एवढं म्हणून तिने फोन बाईच्या हातात दिला.

पलीकडून धाप ऐकू आली. मग ताई म्हणाली, “सुई दुखते का?”

भाच्याने बाईसमोर हात जोडले, मान जोरात हलवली. नाही म्हणा. बाईने त्याच्याकडे पाहिलं.

“दुखते,” ती म्हणाली. “पहिल्या खेपेला फार. मग कमी होतं, पण दुखतेच. नाही म्हणतात त्यांना टोचलेली नाही.”

भाच्याने डोळे मिटून घेतले.

“आणि मध्येच उठावंसं वाटलं तर?”

“वाटतं. उठता येत नाही. पायात गोळे येतात. आले की सिस्टरला हाक मारायची, लाजायचं नाही. मी लाजायचे, ते चुकलं.”

“नंतर?”

“नंतर घरी जाऊन झोपायचं. दुसऱ्या दिवशी जरा बरं असतं. त्या एका दिवसासाठी येते मी.”

आतून सिस्टरने बाईला हाक मारली. ती उठायला लागली, फोन अजून कानाशीच. ताई काय म्हणाली ते मावशीला ऐकू आलं नाही. बाईने फोन परत देताना एवढंच सांगितलं की त्या विचारताहेत, उद्या मला कोण नेणार.

८

काकांना निकाल हवा होता, खरं की खोटं. मावशीने तो द्यायला नकार दिला. तिने सांगितलं, जिचं आहे ती लिहील, तोवर गट बंद करू नका. चार दिवसांनी बाईने गटावर लिहिलं : ‘मी धाकटीची आई. मी जिवंत आहे. धाकटी नव्हती. तुम्हाला रडवलं त्याबद्दल माफी मागते.’

बरेच लोक गट सोडून गेले. काहींनी वाटेल ते लिहिलं आणि बाईने प्रत्येकाला उत्तर दिलं. चूर्णवाल्याने लिहिलं की आजकाल कशावर विश्वास ठेवायचा हेच कळत नाही, चूर्णाचं मात्र तसं नाही. परखडने दोनच शब्द लिहिले : ‘बरं झालं.’ त्याला काय बरं वाटलं हे त्याने सांगितलं नाही. काकूंनी काही लिहिलं नाही. मावशी त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांनी चहा केला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि त्या बाईचा विषय निघताच उठून आत गेल्या. काका म्हणाले, वेळ लागेल. मग म्हणाले, कदाचित नाहीच होणार.

पण हे सगळं पुढचं. त्याआधी, फोनच्या दुसऱ्या दिवशी, ताईला भाचा आणि मावशी घेऊन गेले. दाराशी तिने मावशीचा हात सोडला आणि मागे न बघता आत गेली.

बाहेर दोघं बसली. भाच्याला बसवत नव्हतं. तो दाराच्या काचेशी जायचा, काच दुधी होती, परत यायचा. मावशी भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिला आता कशाचाच छडा लावायचा नव्हता. तेवढ्यात फोन थरथरला. ताईने एका हाताने लिहिलेलं दिसत होतं, काने मात्रे जागेवर नव्हते.

‘दुखलं. तिने सांगितलं तितकंच.’

मावशीने काय उत्तर द्यावं याचा विचार केला, दोनदा लिहून पुसलं. तोवर दुसरा निरोप आला.

‘आता काही पाठवू नकोस. मला झोप येतेय.’